जुनी मोटारसायकल का तापते?

मराठवाड्यात चैत्र सरला की उन्हाचा कडाका वाढू लागतो. नांदेडमध्ये मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणे नवे नाही आणि बालाघाटच्या पठारावरील लातूरची दुपारही फारशी सुखाची नसते. याच दिवसांत जुन्या मोटारसायकलींच्या मालकांची एक तक्रार हमखास ऐकू येते : गाडी फार गरम होते. त्यावरची दोन उत्तरेही ठरलेली असतात. ‘ऊनच तेवढे आहे’ हे पहिले, आणि ‘बोअर गेला, इंजिन खोलावे लागेल’ हे दुसरे. पहिल्या उत्तराने खरा दोष अंगावर निघतो. दुसऱ्याने कित्येकदा नाहक खर्च होतो. दूध घालणारा, फिरता विक्रेता, शिकवणीला जाणारा विद्यार्थी अशा अनेकांचा दिवस याच गाडीवर अवलंबून असतो. त्यामुळे इंजिन खोलण्यापूर्वी क्रमाने निदान करणे महत्त्वाचे ठरते.

१९८५ साली आलेली हीरो होंडा सीडी १००, त्याच वर्षी बाजारात उतरलेली यामाहा आरएक्स १००, १९९४ ची स्प्लेंडर, जुनी बुलेट या साऱ्या गाड्या हवेने थंड होणाऱ्या. पेट्रोल जाळून मिळालेल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो. उरलेली बहुतेक ऊर्जा सायलेन्सरमधून आणि सिलिंडरभोवतीच्या धातूच्या पातळ पट्ट्यांतून, म्हणजे फिन्समधून, उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणूनच इंजिनावर टाकलेला पाण्याचा थेंब चर्रकन उडून गेला, तर तो बिघाडाचा पुरावा ठरत नाही. सुस्थितीतील इंजिनाचा माथाही शंभर अंशांहून अधिक तापतो.

खरी लक्षणे वेगळी आहेत. गाडी तापल्यावर जोर कमी होणे, चढावर इंजिनातून खडखड ऐकू येणे, तेल जळल्याचा वास येणे, किल्ली बंद केल्यावरही इंजिन क्षणभर फिरत राहणे ही त्यातील प्रमुख होत.

ऊन कितपत दोषी?

समजा, इंजिनाचा माथा १५० अंशांवर आहे. हिवाळ्यातील दुपारी हवा ३० अंश असेल, तर दोहोंतील फरक १२० अंशांचा. मे महिन्यात हवा ४२ अंश झाली की तो १०८ वर येतो. उष्णता बाहेर पडण्याचा वेग या फरकावर अवलंबून असतो. म्हणजे उन्हामुळे थंड होण्याची क्षमता साधारण दहा टक्के घटते. निरोगी इंजिन एवढा भार सहज पेलते. न पेलल्यास दोष आधीपासूनच होता आणि उन्हाने तो उघडा केला, असे समजावे.

मात्र, हवेला हालचाल हवी. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत गर्दीच्या वेळी गाडी पावलापावलाने सरकते आणि फिन्सना वाराच मिळत नाही. गाडी केवळ अशा गर्दीत तापत असेल, तर काळजीचे कारण थोडे. लोहा, अहमदपूर, चाकूर मार्गे नांदेडहून लातूरला जाताना मोकळ्या रस्त्यावरही ती तापत असेल, तर तपासणी अटळ आहे.

आधी इंजिनाबाहेर पाहावे

पहिली तपासणी फुकट आहे. गाडी डबल स्टँडवर घेऊन, न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवावे. ते लगेच अडत असेल, तर ब्रेक घासतो आहे किंवा चेन जास्त ताणली आहे. टायरमधील हवा कमी असल्यासही इंजिनाला सतत जादा ओढावे लागते. त्यानंतर क्लच. ॲक्सिलेटर पिळल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नसेल, तर क्लचप्लेट घसरत आहेत आणि त्या घर्षणाने तेल तापते आहे. या चारही दोषांसाठी इंजिनाच्या सिलिंडरला हात लावावा लागत नाही.

मग फिन्स पाहाव्यात. गळणारे तेल आणि मराठवाड्याची चिकट काळी माती यांचा थर फिन्समध्ये बसला, की तो इंजिनावर गोधडी घातल्यासारखे काम करतो. इंजिन पूर्ण थंड असताना ब्रश आणि थोड्या रॉकेलने किंवा डिझेलने हा थर काढून टाकावा. लेगगार्डला बांधलेला पत्रा, बॅनरचे कापड किंवा समोर टांगलेल्या पिशव्याही वारा अडवतात.

तेलाची पातळी

शंभर सीसीच्या गाडीत इंजिन ऑईल लिटरभराच्या आसपासच मावते. त्यातील २०० मिलिलिटर कमी झाले, तरी पाचवा हिस्सा गेला. हे तेल वंगणासोबतच आतली उष्णता वाहून नेण्याचेही काम करते. पातळी पाहताना गाडी सरळ उभी हवी. हीरो होंडाच्या शंभर सीसी गाड्यांत मापाची पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून पाहायची असते. फिरवून पाहिल्यास माप चुकते. या गाड्यांतील गोल फिरणारा तेलफिल्टर आणि खालची जाळी वर्षानुवर्षे साफ होत नाही, हेही वारंवार दिसते. आरएक्स १०० सारख्या टू स्ट्रोक गाडीत टू टी तेल पंपाद्वारे पेट्रोलमध्ये मिसळते. पंपाची केबल ढिली झाली किंवा नळीत हवा अडकली, तर पिस्टन जाम होण्यास काही किलोमीटर पुरतात.

प्लगचा रंग काय सांगतो?

पेट्रोल कमी व हवा जास्त असे विरळ मिश्रण हे तापण्याचे मोठे कारण आहे. गाडी काही किलोमीटर चालवून, इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून पाहावा. टोक विटकरी किंवा फिकट तपकिरी असेल, तर मिश्रण ठीक. पांढरेफटक असल्यास मिश्रण विरळ, काजळी धरलेले असल्यास दाट आणि तेलकट असल्यास पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलविषयी शंका घ्यावी. विरळ मिश्रणामागे कार्बोरेटर व इंजिन यांच्यामधील रबराला गेलेली चीर, अर्धवट तुंबलेला जेट किंवा पेट्रोल टाकीच्या झाकणाचे बुजलेले छिद्र असू शकते.

इथेनॉलचा मुद्दाही येथेच येतो. देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. एक किलो पेट्रोल जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते. जुना कार्बोरेटर हा फरक ओळखू शकत नाही, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण काही टक्क्यांनी विरळ होते. इथेनॉलची वाफ होताना थोडा थंडावाही मिळतो, म्हणून सुस्थितीतील गाडीला त्रास होईलच असे नाही. आधीच विरळ चालणाऱ्या गाडीचे दुखणे मात्र वाढते. जुन्या रबरी नळ्याही तपासून घ्याव्यात.

शांत टॅपेटचा धोका

टॅपेटची बारीक टकटक अनेकांना खटकते आणि ती बंद करून देण्याचा आग्रह मेकॅनिककडे धरला जातो. टॅपेट प्रमाणाबाहेर आवळले, की तापल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, त्याची उष्णता माथ्याकडे जात नाही आणि तो जळतो. हे अंतर इंजिन थंड असताना, पुस्तिकेतील मापानेच ठेवावे. पॉइंटवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत ठिणगी उशिरा पडू लागली, तर सायलेन्सरचा पाइप विलक्षण तापतो. ती फार लवकर पडली, तर खडखड ऐकू येते. टू स्ट्रोक गाडीत काजळीने तुंबलेला सायलेन्सर हेही एक कारण असते. एवढे सारे ठीक निघाल्यावरच कॉम्प्रेशन मोजून बोअर-पिस्टनकडे वळावे.

वाटेत गाडी तापली तर

चालत्या गाडीत इंजिन एकाएकी आखडू लागले, तर प्रथम क्लच दाबावा. पिस्टन जाम होऊन मागचे चाक अडले, तर चालक फेकला जाण्याचा धोका असतो. गाडी सावलीत उभी करून किमान अर्धा तास थांबावे. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नये. धातू असमान आकुंचन पावून माथा वाकण्याची किंवा तडकण्याची भीती असते. गाडी निवल्यावर तेल पाहावे आणि किक हलक्या हाताने दाबावी. ती अडली, तर जोर करू नये. गाडी टेम्पोत घालून नेणे अधिक स्वस्त पडते.

गॅरेजात गेल्यावर ‘गाडी गरम होते’ एवढेच न सांगता ती कोणत्या वेगात, किती अंतरानंतर आणि किती ओझ्यावर तापते हे सांगावे. बाहेर केलेल्या तपासण्यांचे निकालही सोबत द्यावेत. एवढ्या माहितीवर कुशल मेकॅनिकला दोष शोधणे सोपे जाते आणि बोअर करण्याची वेळ खरोखर आली आहे की नाही, हे मालकालाही कळते.