नाताळवृक्षावरची सर्कस

नाताळात सूचिपर्णी वृक्ष घरी आणून सजवण्याची प्रथा जर्मन स्थलांतरितांनी अमेरिकेत नेली. त्या काळी वृक्षाच्या फांद्यांना फळे, सुकामेवा, बिस्किटे असा खाऊही टांगला जात असे. या प्रथेचा चतुर उपयोग १९०२ साली तेथील नॅशनल बिस्किट कंपनीने केला. प्राण्यांच्या आकाराची बिस्किटे तिने एका चिमुकल्या रंगीत खोक्यात भरली. खोक्यावर चित्र होते सर्कशीतील पिंजरागाडीचे आणि नाव बार्नम या विख्यात सर्कसमालकाचे. (तो तर १८९१ मध्येच निवर्तला होता!) वर एक दोरी होती, खोका झाडाला टांगण्यासाठी. किंमत अवघी ५ सेंट.

आज सर्कशीच्या कल्पनेवर वृक्ष सजवणारे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा कागदी तंबू, विदूषक, झुल्यावरचे कसरतपटू अशा वस्तू लावतात. पण त्या खोक्याची सर त्यांना क्वचितच येते. तो शोभेचा होता आणि खाऊचाही. त्यावरचे प्राणी मात्र शतकाहून अधिक काळ गजांआडच राहिले. प्राणिमित्र संघटनेच्या आग्रहानंतर २०१८ मध्ये चित्र बदलले. पिंजरे गेले, सिंह, हत्ती, जिराफ, झेब्रा आणि गोरिला मोकळ्या माळरानावर एकत्र चालू लागले.