केसाहून बारीक चूक, अन् हबलला दिसू लागलं धूसर!

नवी मुंबईत शिरवणे-नेरूळच्या एमआयडीसी पट्ट्यात 'पारस डिफेन्स' ही कंपनी अंतराळ आणि संरक्षण क्षेत्रासाठी लेन्स आणि आरसे बनवते. हे आरसे घरातल्या आरशापेक्षा वेगळे कसे?

घरच्या आरशाला मुलामा मागून असतो. दुर्बिणीच्या आरशाला तो पुढून असतो, त्यामुळे पृष्ठभागाचा आकार अगदी अचूक लागतो. अनेकदा चालणारी चूक जेमतेम ६० नॅनोमीटर असते. आपला केस त्याच्या हजारपट जाड! म्हणून काच पॉलिश करायची, प्रकाशलहरींनी मोजणाऱ्या इंटरफेरोमीटरवर तपासायची आणि पुन्हा पॉलिश करायची. शक्तिशाली लेझरच्या आरशावर तर धुळीचा कणही तापतो आणि मुलामा जळू शकतो.

पण मोजमापच चुकलं तर? १९९० साली अवकाशात गेलेल्या हबलच्या बाबतीत तेच झालं. आरसा तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसलं होतं. परिणामी २.४ मीटरच्या आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त घासली गेली आणि फोटो धूसर आले. १९९३ मध्ये अंतराळवीरांनी तिथे जाऊन दुरुस्ती केली.

प्रत्येक उपग्रहापर्यंत माणूस पोहोचू शकत नाही. म्हणूनच चूक कारखान्यातच सापडावी लागते.