नदीमुखातील कयाक-विहार : मांडवी खाडीच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :
उत्तर ध्रुवाकडील इनुइट लोकांची शिकारीची नौका असलेली कयाक आज जगभर विरंगुळ्याचे साधन बनली आहे. गोव्यात मांडवीच्या खारफुटीतूनही ती वल्हवली जाते. तेथील संथ पाणी पाहून हा विहार तळ्यातील नौकाविहारासारखाच असल्याचा समज होतो. तथापि नदीमुखातील प्रवाह दिवसातून साधारणतः चार वेळा दिशा पालटतो. सुरक्षिततेचा प्रश्न येथूनच उद्भवतो.

भरती-ओहोटीचे गणित :
दोन भरत्यांमधील अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असते. परिणामी भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तेव्हा प्रवाहाची ओढ वाढते. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या वेळी, ती मंदावते. एका भरतीच्या किंवा ओहोटीच्या काळातही मधल्या दोन तासांत ओढ सर्वाधिक असते.

समजा, वल्हवण्याचा वेग ताशी ५ किलोमीटर व ओहोटीचा वेग ताशी ३ किलोमीटर आहे. ओहोटीबरोबर ४ किलोमीटर अंतर अर्ध्या तासात कापले जाईल. मात्र त्याच ओढीविरुद्ध परतण्यास दोन तास लागतील. जाताना मिळालेले सुख परतताना चौपट श्रमांनी फेडावे लागते.

वारा व स्थलविशेष :
पावसाळ्याव्यतिरिक्तच्या काळात दुपारनंतर समुद्राकडून वारा वाहतो. त्याच वेळी ओहोटी असल्यास वारा व प्रवाह परस्परविरुद्ध होऊन मुखाजवळ आखूड, उभ्या लाटा उठतात. चोडण बेटाच्या खारफुटीतील अरुंद फाट्यांत लाटांचे भय नसते. परंतु ओहोटीत पाणी सरून कयाक चिखलात रुतू शकते. मांडवी व जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरींचा अधिवास आहे. पावसाळ्यात पुराच्या लोंढ्यामुळे हे सारे गणितच बदलते.

निष्कर्ष :
विद्यार्थ्यांची सहल नेताना वेळापत्रक महाविद्यालयाच्या सोयीने नव्हे, तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी कोष्टकांवरून आखणे इष्ट ठरते. प्रारंभी प्रवाहाविरुद्ध जावे व थकल्यावर प्रवाहाबरोबर परतावे, हे मूलतत्त्व होय. जीवरक्षक जाकीट अनिवार्यच आहे. परंतु त्याआधी पाण्याची वेळ ओळखणे हे खरे संरक्षण होय.