मान मोडून काम करताय? मग हे वाचा



मार्च आला की आपल्या पोटात गोळा येतो. गटांच्या वह्या, ग्रामसंघाची खतावणी, लोकओएसवरच्या नोंदी, वर ऑडिट. आमच्या ग्रामसंघाचं लिखाण माझ्याकडे आहे. मागच्या मार्चमध्ये रोज रात्री जेवणं आवरली की जमिनीवर मांडी घालायची, वह्या पुढ्यात पसरायच्या आणि खाली वाकून लिहीत बसायची. वही संपली की मोबाईल, तोही मांडीवरच. दोन-दोन तास मान वर नाही. मानेला रग लागायची, खांदे दगडासारखे व्हायचे. मी म्हणायची, हिशोब संपले की थांबेल.

हिशोब संपायच्या आधीच एका पहाटे मान धरली. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, वय ७८. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू लुळी पडलीय. त्यांना संडासला न्यायचं म्हणून मी खाटेशी वाकले. त्यांनी रोजच्यासारखा डावा हात माझ्या गळ्यात टाकला, मी कमरेतून ओढलं आणि मानेत अशी चमक भरली की डोळ्यापुढे अंधारी आली. दोघी खाटेच्या कडेवरून घसरत जमिनीवर बसलो. नशीब, आत्यांचं हाड मोडलं नाही.

मग नेहमीचंच. मेडिकलमधून गोळ्या, रात्री बाम, शेक. कोणीतरी म्हणालं, अमक्या गावात एक जण मानेला झटका देऊन कडकन मोकळी करून देतो. मी जाणारच होते. पण मुलगी हट्टाने उपजिल्हा रुग्णालयात घेऊन गेली. तिथल्या फिजिओथेरपीच्या ताईंनी कुठं दुखतं हे विचारलं, पण त्याआधी म्हणाल्या, "दिवसभर काय करता ते मला करून दाखवा." मी जमिनीवर बसून लिहून दाखवलं. मग त्यांना आत्या समजून उठवून दाखवलं. त्या म्हणाल्या, "दुखणं एकच आहे, कामं दोन आहेत. वही मान थकवते आणि थकलेल्या मानेला तुम्ही पेशंट लटकवता."

मानेला कशाचा भार होतो?

आपलं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. हंडा डोक्यावर घेऊन चालताना मान सरळ असते, म्हणून भार अंगावरून थेट खाली जातो आणि आपण गप्पा मारत चालतो. तोच हंडा हात लांब करून पुढे धरून बघा, पाच मिनिटं तरी धरवतो का? मान पुढे झुकली की डोक्याचं तसंच होतं. वजन तेवढंच, पण ते पुढे लटकतं आणि मागचे स्नायू त्याला ओढून धरतात. केनेथ हंसराज या अमेरिकेतल्या मणक्याच्या सर्जननी २०१४ साली याचं गणित मांडलं होतं. मान ६० अंशांपर्यंत खाली घातली तर मानेवर सुमारे २७ किलोचा भार येतो, असं त्यांचं उत्तर. ते कागदावरचं गणित आहे, प्रत्येकीच्या मानेला तंतोतंत लागू होईल असं नाही. पण २७ किलो म्हणजे अर्ध्या पोत्याहून जास्त, हे ऐकल्यावर मी वही जमिनीवर ठेवायची सोडली.

खरा त्रास नुसत्या वाकण्याने होत नाही, एकाच जागी अडकून बसण्याने होतो. निंदणीतही आपण वाकतो, पण पुढे सरकत राहतो, मध्येच उभ्या राहतो. लिहिताना अंग हलतच नाही. मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायूंचा पट्टा सारखा ताणलेला राहतो, मग तो आखडतो, गाठी लागतात, दुखणं डोक्याच्या मागच्या बाजूला चढतं.

लिहायला बसताना

वही वर आणा, मान खाली नेऊ नका. घरातला चौरंग किंवा उलटा ठेवलेला डबा पुरतो. जुन्या पेढ्यांवर मुनीमजी बसायचे गादीवरच, पण वही असायची उतरत्या झाकणाच्या बुटक्या पेटीवर. ते काही उगाच नव्हतं. पाठ भिंतीला टेकवा, कुल्ल्यांखाली गोधडीची घडी घ्या म्हणजे कंबर ढळत नाही. मांडी अवघडत असेल तर सरळ खुर्ची-टेबलावर बसा, त्यात कसला मोठेपणा नाही. मोबाईलवर नोंद करताना कोपर पोटाशी टेकवून मोबाईल छातीच्या उंचीला धरा. खांदा उचलून कानाशी फोन दाबायचा आणि हाताने लिहायचं, ही सवय तर आजच सोडा.

दर अर्ध्या तासाने उठा. एका गटाची नोंद झाली की उठायचं, असं मी ठरवलंय, घड्याळ बघावं लागत नाही. उठल्यावर हनुवटी खाली-वर न करता सरळ मागे न्या, ड्रॉवर आत ढकलावा तशी, पाच आकडे मोजून सोडा. असं दहा वेळा. मग दोन्ही खांद्यांची पाती मागे एकमेकींजवळ आणा आणि सोडा. मग मान सावकाश उजवीकडे, सावकाश डावीकडे. मान गरागरा गोल फिरवायची नाही आणि झटका द्यायचा नाही. व्यायामाने थोडा ताण जाणवेल, पण हातात मुंग्या आल्या किंवा चक्कर आली तर तिथंच थांबा.

झोपताना एकच उशी, मान आणि गादी यांच्यातली पोकळी भरेल एवढीच. दोन उशांवर झोपणं म्हणजे रात्रभर वही लिहिणं.

म्हातारं माणूस उठवताना

हा भाग मात्र नीट वाचा, कारण हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. सून झालीस, कर.

पहिली गोष्ट, गळ्यात हात टाकू द्यायचा नाही. माया म्हणून टाकतात, पण घसरले तर त्यांचा सगळा भार आपल्या मानेच्या मणक्यांवर येतो. दुसरी, त्यांना हाताला किंवा काखेत धरून ओढायचं नाही. अर्धांगवायूत लुळ्या बाजूचा खांदा सैल झालेला असतो, ओढल्याने तो सांध्यातून सरकतो. आत्यांचा उजवा खांदा का दुखतो हे मला तेव्हा कळलं. दोन वर्षं मीच तो ओढत होते.

आता आम्ही असं करतो. आत्यांना आधी चांगल्या कुशीवर वळवायचं. पाय खाटेवरून खाली सोडायचे. पाय खाली गेले की अंग आपसूक वर यायला बघतं. त्या चांगल्या कोपरावर जोर देतात, मी पाठीमागून पात्याला आधार देते. बसल्यावर दोन-तीन मिनिटं तसंच बसू द्यायचं, कारण एकदम उभं केलं की रक्तदाब उतरून चक्कर येते. मग त्यांना खाटेच्या कडेला आणायचं, पावलं जमिनीवर सपाट आणि गुडघ्यांच्या जरा मागे. कमरेला जुन्या सुती साडीची चार पदरी घडी घट्ट बांधलेली असते, मी तिथं धरते. माझं एक पाऊल पुढे, गुडघे वाकवलेले, माझा गुडघा त्यांच्या लुळ्या गुडघ्याला टेकलेला म्हणजे तो दुमडत नाही. "आत्या, वाका पुढं," म्हणायचं, नाक पायाच्या अंगठ्यावर येईपर्यंत. एक, दोन, तीन म्हणून दोघींनी मिळून उठायचं. जोर माझ्या पायांचा, मान-पाठ सरळ. खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला ठेवायची, म्हणजे त्यांनाही बळ लावता येतं. पहिल्यांदा कुणाला तरी जवळ उभं करूनच करा.

जे मुळीच उठू शकत नाहीत त्यांना एकटीने वर सरकवू नका. अंगाखाली घडीची चादर ठेवा, दोन्ही बाजूंनी दोघांनी धरून सरकवा. दुसरा माणूस म्हणजे घरातला पुरुष, हेही लिहून ठेवते. आमच्याकडे संध्याकाळची पाळी आता मालकांची. सुरुवातीला लाजले, आता माझ्यापेक्षा बरं उठवतात. पडून असलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदला. माकडहाड, टाचा, खुबे रोज बघा. कातडी लाल दिसली आणि दाबून सोडल्यावरही लाली जाईना, तर ती जखमेची सुरुवात समजा. तिथं चोळू नका, त्या जागेवरचा दाब काढा आणि आशाताईंना दाखवा.

एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. आत्या संध्याकाळनंतर पाणीच पीत नव्हत्या. विचारलं तर म्हणाल्या, "तुझी मान दुखते, रात्री कशाला उठवू?" पाणी तोडल्याने बद्धकोष्ठ वाढतं, लघवीला जळजळ होते, म्हातारं माणूस बरळायलाही लागतं. आता खाटेशेजारी संडासची खुर्ची आहे. तुमच्या घरातल्यांनाही एकदा विचारून बघा, स्वतःहून ते सांगत नाहीत.

गोळ्या, शेक आणि धोक्याच्या खुणा

मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी डॉक्टरला न विचारता रोज घेऊ नका. म्हाताऱ्यांना तर नाहीच. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी जठरात जखम होते, बीपी वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो. शेक चालतो, पण मधुमेह असलेल्यांची कातडी बधीर असू शकते, चटका बसलेला कळत नाही. पिशवी आधी आपल्या हाताला लावून बघा, फडक्यात गुंडाळा. मानेचा पट्टा डॉक्टरांनी सांगितला तेवढेच दिवस, कायम घातला तर स्नायू दुबळे होतात. आणि ते कडकन मान मोडणं नकोच. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, झटक्याने त्या फाटल्या तर लकवा होऊ शकतो.

चाळिशी-पन्नाशीत खांदा हळूहळू जाम होऊन वेणी घालणं, पोलक्याचे हूक लावणं अवघड झालं, तर साखर तपासून घ्या. मधुमेहात असं जास्त होतं. एक्सरेत मणक्यांची झीज दिसली म्हणून घाबरू नका, वयाबरोबर केस पांढरे होतात तशीच ती बहुतेकांत दिसते, दुखणं नसलेल्यांतही.

पण काही बाबतीत वाट बघायची नाही. हातातली वस्तू आपोआप सुटणं, चालताना पाय अडखळणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, पडल्यानंतर मान दुखणं, तापाबरोबर मान ताठरणं, असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. खांदा-जबडा दुखतोय, छातीवर दाब आहे, घाम फुटलाय, दम लागतोय, तर बाम चोळत बसू नका, १०८ ला फोन करा. बायकांत हृदयाचं दुखणं कधी कधी छातीत न कळता असंच खांद्या-पाठीतून येतं. घरातल्या ज्येष्ठांसाठी सल्ला हवा असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची मोफत हेल्पलाईन आहे.

माझी मान पूर्ण बरी व्हायला दोन महिने लागले. पुढची ग्रामसंघाची बैठक आमच्या ओसरीवर आहे. येताना आपापला चौरंग घेऊन या, वह्या त्यावरच लिहू. बैठकीनंतर उठवायची रीत करून दाखवणार आहे. पेशंट म्हणून आमच्या सूनबाईला बसवणार होते, पण आत्या म्हणाल्या, "ती कशाला? मी आहे की."