शब्दकोड्यांतून फ्रेंच: पालघर व बोईसर-तारापूर येथील अध्येत्यांच्या दृष्टीने

तारापूरचे नाव फ्रान्सशी जोडले गेले ते भाषेमुळे नव्हे, तर इंधनामुळे. १९६९ साली कार्यान्वित झालेल्या तारापूर अणुवीज केंद्रास समृद्ध युरेनियम पुरविण्याचे अमेरिकेने थांबविल्यावर १९८२ साली भारत व फ्रान्स यांच्यात करार झाला आणि ते इंधन फ्रान्समधून येऊ लागले. फ्रेंच भाषेच्या पद्धतशीर अध्यापनाची जुनी केंद्रे मात्र मुंबई व पुणे येथे आहेत. मुंबई विद्यापीठाचा फ्रेंच विभाग, दोन्ही शहरांतील आलियान्स फ्रान्सेझ आणि पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषांचे वर्ग ही त्यांतील सर्वपरिचित होत. बोईसरपासून चर्चगेट सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. २०१३ साली उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या, तरी रोजच्या वर्गासाठी एवढा प्रवास करणे सर्वांस शक्य नसते. अशा विद्यार्थ्यास भ्रमणध्वनीवरील फ्रेंच शब्दखेळांचा मोह पडणे स्वाभाविक आहे. त्यांतून भाषेचा कोणता भाग हाती लागतो व कोणता सुटतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम खेळांचे स्वरूप पाहू. इंग्रजी ‘वर्डल’ २०२१ साली लोकप्रिय झाल्यावर त्याच धर्तीचे फ्रेंच खेळ निघाले. त्यांपैकी ‘सुतोम’ हा १९९० ते २०१९ या काळात फ्रान्समध्ये चाललेल्या ‘मोत्युस’ या दूरचित्रवाणी खेळावर आधारलेला आहे. शब्दाचे पहिले अक्षर व अक्षरसंख्या दिलेली असते. सहा प्रयत्नांत तो ओळखावयाचा असतो आणि अक्षर जागेवर आहे की अन्यत्र, हे रंगाने कळते. ‘सेमांतिक्स’ या खेळात अक्षरांऐवजी अर्थाची जवळीक तापमानाच्या रूपाने सांगितली जाते. यांखेरीज ‘मो क्रुआझे’, म्हणजे आपल्या परिचयाचे शब्दकोडे, हे आहेच.

मराठी शब्दकोडे व फ्रेंच शब्दकोडे यांत एक मूलभूत भेद आहे. मराठीत एका चौकोनात एक संपूर्ण अक्षर मात्रेसह बसते. ‘तारापूर’ हा शब्द चार चौकोनांत मावतो आणि चौकोन वाचले की उच्चार आपोआप होतो. फ्रेंचमध्ये चौकोन रोमन वर्णाचा असतो. ‘पक्षी’ या अर्थाचा ‘वाझो’ हा शब्द उच्चारात दोनच अक्षरांचा आहे. कोड्यात मात्र तो ओ, आय, एस, ई, ए, यू असे सहा चौकोन व्यापतो आणि त्यांतील एकाही वर्णाचा उच्चार त्याच्या नेहमीच्या स्वतंत्र ध्वनीसारखा होत नाही. त्यामुळे मराठी कोडे सोडविताना डोळा व कान एकत्र काम करतात. फ्रेंच कोड्यात एकटा डोळाच राबतो. लेखन पक्के करण्यास हा व्यायाम उत्तम आहे, कारण फ्रेंच शुद्धलेखनाची मुख्य अडचण अनुच्चारित वर्णांचीच आहे. परंतु उच्चार त्यातून येत नाही.

दुसरी उणीव चिन्हांची. फ्रेंच कोड्यांत स्वरांवरील चिन्हे गाळण्याचा प्रघात आहे. सातपाटी-तारापूरच्या किनाऱ्यावरील वाचकास मासेमारीचे उदाहरण जवळचे वाटेल. ‘पेशे’ या क्रियापदाच्या पहिल्या स्वरावर टोपीसारखे चिन्ह असल्यास त्याचा अर्थ ‘मासे धरणे’, आणि उजवीकडे चढणारी तिरपी रेघ असल्यास ‘पाप करणे’! जुन्या फ्रेंचमधील लोप पावलेल्या ‘एस’ वर्णाची ती टोपी ही खूण आहे. कोड्यात दोन्ही शब्द सारखेच दिसतात.

तिसरी उणीव लिंगाची. फ्रेंच नामे कोड्यात उपपदाशिवाय येतात. ‘लीव्र’ हा शब्द पुल्लिंगी असता ‘पुस्तक’ व स्त्रीलिंगी असता ‘पौंड’ या अर्थाचा होतो. ‘तूर’ पुल्लिंगी असता ‘फेरी’, स्त्रीलिंगी असता ‘मनोरा’. मराठी भाषकास निर्जीव वस्तूंना लिंग असण्याचे नवल वाटत नाही, ही त्याची जमेची बाजू होय. पण आपली तीन लिंगे फ्रेंचच्या दोन लिंगांशी जुळत नाहीत. आपले ‘घर’ नपुंसकलिंगी, त्यांचे ‘मेझों’ स्त्रीलिंगी. आपला ‘चंद्र’ पुल्लिंगी, त्यांची ‘ल्यून’ स्त्रीलिंगी. हा फरक तर्काने कळत नाही, ऐकून व वापरूनच अंगवळणी पडतो.

केवळ शब्दरूपांचे ज्ञान कोठवर नेते, याचे टोकाचे उदाहरण नायजेल रिचर्ड्स या न्यूझीलंडच्या खेळाडूचे आहे. फ्रेंच बोलता येत नसताना शब्दसूची पाठ करून त्यांनी २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक अजिंक्यपद मिळविले. खेळात हा विक्रमच होय. पण भाषा शिकू इच्छिणाऱ्याचे उद्दिष्ट वेगळे असते. ‘देल्फ’ परीक्षेत श्रवण, वाचन, लेखन व संभाषण यांना प्रत्येकी २५ गुण असतात. शंभरांपैकी ५० गुण मिळविणे आवश्यक असते आणि प्रत्येक विभागात किमान ५ गुण लागतात. तीन विभागांत उत्तम यश मिळवूनही संभाषणात पाचाच्या आत राहिलेला विद्यार्थी अनुत्तीर्ण ठरतो. शिक्षकावाचून केवळ कोड्यांवर विसंबणाऱ्यास हा धोका विशेष आहे, कारण रोज वाढणारी गुणसंख्या पाहून आपली प्रगती सर्वांगीण आहे असा त्याचा समज होतो.

म्हणून खेळ वर्ज्य करावा असे नव्हे. आगगाडीच्या प्रवासात दहा मिनिटे कोडे सोडवावे, पण ते सुटल्यावर आणखी दहा मिनिटे वहीला द्यावीत. शब्द चिन्हांसह पुन्हा लिहावा. नाम असल्यास ‘ल’ किंवा ‘ला’ हे उपपद लावूनच त्याची नोंद करावी. उच्चार ऐकविणाऱ्या शब्दकोशातून तो ऐकून मोठ्याने म्हणावा आणि शेवटी त्याचे एक वाक्य करावे. शब्दकोड्यातील सूचक वाक्येही उतरवून घ्यावीत, कारण खरी फ्रेंच वाक्यरचना चौकोनांत नसून त्या सूचनांत असते. आठवड्यातून एकदा त्याच शब्दांवर सोबत्याशी वा दूरस्थ शिक्षकाशी बोलता आले, तर कानाची व जिभेची उणीवही पुष्कळशी भरून निघेल. गावी वर्ग नसलेल्या विद्यार्थ्यास कोडे हे वर्गाची जागा घेणारे साधन नसले, तरी वर्ग मिळेपर्यंतची त्याची पूर्वतयारी त्यायोगे निश्चित होऊ शकते.