जुन्या मोटारीचा सांगाडा



आमची वारूळवाडी नारायणगांवाला लागूनच आहे, आणि पुणें-नाशिक रस्ता जवळूनच जात असल्यामुळें मोटारी दुरुस्त करणारांचीं दुकानें आमच्या भागांत पुष्कळ. त्यांपैकीं एका दुकानाचा मालक माझा जुना विद्यार्थी आहे. दोन वर्षांपूर्वीं एके सकाळीं तो माझ्या ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "गुरुजी, आपण आम्हांला चौकोनाचे कर्ण शिकवले होते. त्यांचें आतां काम पडलें आहे. जरा दुकानापर्यंत येतां का?" मी गेलों. त्या दिवसापासून चार महिने जें पाहिलें, तें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

दुकानांत इंग्रजी बनावटीची, दोन माणसांची, उघडी मोटार उभी होती. एम्. जी. कंपनीची, टी. सी. नांवाची. इंग्लंडांत ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन येथें १९४५ ते १९४९ या काळांत अशा सुमारें दहा हजार मोटारी तयार झाल्या. एंजिन लहानच, १२५० घन सेंटिमीटरांचें. चाकें उंच व तारेच्या आऱ्यांचीं. आणि पुढल्या आंसापासून मागल्या आंसापर्यंत अंतर अवघें ९४ इंच. मुंबईच्या एका गृहस्थांना ती वडिलांकडून मिळाली होती. जुन्या मोटारींचा मेळा दोन महिन्यांवर आला होता आणि त्यांत त्यांचा मुलगा ती चालविणार होता.

मोटारीचा डौल पाहणाराचें लक्ष तिच्या रंगाकडे जातें. पण टी. सी. चें वरचें शरीर म्हणजे लांकडी चौकटीवर ठोकलेला पत्रा. सारा भार खालच्या पोलादी सांगाड्यावर, ज्याला कारागीर चासी म्हणतात. दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या नळ्या. एखादी शिडी आडवी ठेवावी तसा हा प्रकार. बैलगाडीच्या दोन दांड्या आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांपुढें उभें राहील. एंजिन, बसणारीं माणसें आणि सुकाणूची पेटी हीं सारीं त्या शिडीला बांधलेलीं. शिडी वांकडी झाली तर चारही चाकें आपापल्या वाटेनें जाऊं पाहतात.

ती वांकडी आहे कीं सरळ, हें ओळखावयाचें कसें? येथें भूमिति कामास आली. सांगाडा सपाट फरशीवर ठोकळ्यांवर ठेवला. ठराविक भोंकांतून ओळंबा सोडून फरशीवर खुणा केल्या आणि खुणांमधून खडूचें सूत मारलें. हा सांगाडा पुढें थोडा निमुळता आहे. तरी दोन्ही बाजू सारख्या असल्या, तर समोरासमोरच्या कोपऱ्यांना जोडणारे दोन्ही कर्ण सारखेच भरले पाहिजेत. आमच्या सांगाड्यांत ते पाव इंचानें चुकले. म्हणजे केव्हां तरी एका बाजूस धक्का बसून शिडी तिरपी झाली होती.

पण कर्ण सारखे आले म्हणजे सर्व ठीक, असेंहि नाहीं. बाजेचे तीन पाय भुईवर टेकावे आणि चौथा अधांतरीं राहावा, तसा पीळ सांगाड्यांत असूं शकतो. आणि ओळंब्यानें खालीं उतरविलेल्या खुणांत तो दिसत नाहीं. त्यासाठीं पुढें एक आणि मागें एक अशा दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवावयाच्या आणि लांबून एक डोळा मिटून पाहावयाचें. दोन्ही कडा एकमेकींशीं समांतर दिसल्या, तर पीळ नाहीं. सुदैवानें आमच्या सांगाड्यांत पीळ नव्हता.

खरा घोर पुढेंच होता. जुना काळा रंग खरवडतांना सुकाणूची पेटी जेथें बसते तेथें पत्र्याचें एक ठिगळ सांपडलें. पूर्वीं कोण्या अनामिक कारागिरानें गंज न काढतां वरून पत्रा जोडून रंग फांसला होता. ठिगळाच्या कडेला एक बारीक रेघ होती. ती ओरखडा आहे कीं तडा, हें डोळ्यांना सांगतां येईना. विद्यार्थ्यानें मालकांना कळविलें. त्यांचें उत्तर आलें कीं, मेळ्याला पांचच आठवडे राहिले आहेत. रेघ कोणाला दिसत नाहीं. तूर्त रंग द्या, मेळा झाल्यावर पाहूं. न जमल्यास गाडी दुसरीकडे नेतों.

विद्यार्थी माझ्याकडे आला. काम गेलें तर महिनाभराची मजुरी बुडणार होती. तो म्हणाला, "गुरुजी, सुकाणू हातांत राहील आणि चाकें भलतीकडे जातील. गाडींत त्यांचा मुलगा असेल." मीं विचारलें, "हें त्यांना दाखवितां येईल का?" तो म्हणाला, "येईल. थोडें रॉकेल आणि आपला खडू लागेल."

मालक स्वतः आले. विद्यार्थ्यानें त्या जागीं रॉकेल चोळलें, थोडा वेळ थांबला, आणि फडक्यानें जागा कोरडी पुसली. मग खडूची पूड पाण्यांत कालवून तिचा पातळ लेप दिला. लेप वाळून पांढरा झाला. तडा असेल तर त्यांत शिरलेलें रॉकेल पुन्हां बाहेर येतें व खडू तें शोषून घेतो. आम्ही तिघेहि पाहत उभे होतों. थोड्या वेळानें पांढऱ्यावर केंसाएवढी काळसर रेघ उमटली, आणि ती ठिगळाच्या कडेपासून चांगली बोटभर खालीं गेलेली होती. मालक कांहीं बोलले नाहींत. बऱ्याच वेळानें त्यांनीं एवढेंच विचारलें, "मग सांगाडाच नवा घालावा का?"

त्याचें उत्तर केवळ लोहारकामाचें नव्हतें. केंद्र सरकारनें २०२१ सालीं जुन्या मोटारींसंबंधीं नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली, मूळ स्वरूपांत राखलेली, आणि सांगाडा, बॉडी किंवा एंजिन यांत मोठा फेरफार न झालेली मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवितां येते. ती रोजच्या वापराची नाहीं; प्रदर्शन, मेळा, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणावयाची. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक हीच मोटारीची ओळख. तो सांगाडा टाकून दिला, तर वडिलांची गाडी उरली कोठें? तेव्हां मूळचाच सांगाडा नीट करावयाचें ठरलें.

आधीं जुनें ठिगळ कापून काढलें. तड्याच्या टोकाला बारीक भोंक पाडलें, म्हणजे तो पुढें धांवत नाहीं. मग सांगाडा जड लोखंडी मेजाला बोल्टांनीं आवळून, कर्ण सारखे करून, तडा कोरून जोड दिला. जोड एकदम लांब देत नाहींत. थोडा इकडे, थोडा तिकडे. कारण तापलेलें लोखंड निवतांना आंखडतें व तुळई ओढून घेतें. वरून जी आधाराची पट्टी बसविली, तिचीं टोकें माशाच्या उघड्या तोंडासारखीं कापलेलीं होतीं. टोक सरळ उभें ठेवलें, तर सारा ताण त्या एका रेषेवर येऊन नवा तडा तेथेंच पडतो. ठिगळ फार जाड असणेंहि वाईटच. कारण हा सांगाडा थोडा लवण्यासाठींच केलेला असतो. एक जागा अति ताठ केली कीं शेजारची मोडते.

आतां पाट्यांकडे वळूं. टी. सी. ला पुढें व मागें, चारही चाकांशीं, पोलादी पट्ट्यांचे पाटे आहेत. आपल्या साध्या बैलगाडीला ते नसतात, म्हणून प्रत्येक खळगा पाठीच्या कण्यापर्यंत पोंचतो. एकच जाड पट्टी न घालतां अनेक पातळ कां घालतात? पट्टीची जाडी दुप्पट केली कीं ताठपणा आठपट होतो. पण दोन पातळ पट्ट्या एकीवर एक ठेवल्या तर तो दुप्पटच होतो. म्हणून पाटा पुष्कळ भार उचलतो आणि तरीहि न मोडतां लवतो. मध्यभागीं ताण सर्वांत अधिक, म्हणून तेथें सर्व पट्ट्या. टोकांकडे कमी, म्हणून पट्ट्या क्रमानें आंखूड.

पाटा सोडतांना तो आधीं शेगड्यांत घट्ट धरावा. मधला बोल्ट तसाच काढल्यास पट्ट्या उसळून हात मोडतो. आमच्या एका पाट्याची एक पट्टी तुटलेली होती आणि बाकीच्या बसल्या होत्या. पाटेवाल्यानें त्या तापवून पुन्हां वांक दिला, तेलांत विझविल्या, आणि मंद आंचेवर पुन्हां तापविल्या. नुसतें विझविलेलें पोलाद कांचेसारखें फुटतें. दुसऱ्या आंचेनें त्यांत लवचिकपणा येतो. एका बाजूचा पाटा केला कीं त्याच आंसावरचा दुसराहि करावा, नाहीं तर गाडी एकीकडे कलते.

मात्र पाटा एकदां दबला कीं वरखालीं हिंदकळत राहतो. तें थांबविण्यासाठीं तेलाची डबी व तरफ असलेलें धक्काशोषक यंत्र असतें. तरफ हलली कीं तेल बारीक छिद्रांतून जबरीनें जातें आणि हिंदकळ्याची शक्ति उष्णतेंत जिरते. पाट्यांच्या टोकांचे रबरी बुशहि नवे घातले. त्यांचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळले. अधांतरीं आवळले असते, तर भार येतांच रबर पिळवटून लवकर फाटलें असतें.

मेळा हुकला. गाडी पुढल्या वर्षीं गेली. त्या वेळीं मालकांनीं मुलाला दुकानांत आणलें, सांधलेली जागा दाखविली, आणि तिच्यावर रंगाचा हात पातळच ठेवावयास सांगितलें, म्हणजे पुढें कोणालाहि ती तपासतां यावी. माझ्या विद्यार्थ्याला त्या हंगामांत थोडी ओढाताण सोसावी लागली, हेंहि सांगितलें पाहिजे. पण खडूचा तो डबा अजून त्याच्या फळीवर आहे. कोणतीहि जुनी गाडी आली कीं तो रंगाचें बोलणें नंतर काढतो. आधीं फरशी झाडून सूत मारतो.