परिग्रहाचे परिमाण

आम्हां श्रावकांचे पाचवे अणुव्रत परिग्रह-परिमाणाचे. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त त्याचे अतिचार सांगितले. ते वाचताना आचार्य बऱ्हाणपूर-लालबागच्या एखाद्या पेढीवर बसून गेले असावेत, असे वाटते! एकाच घराची मर्यादा घेतलेल्याने शेजारचे घर विकत घेऊन मधली भिंत पाडावी. विसार देऊन माल व्रताची मुदत संपेपर्यंत दुसऱ्याच्याच कोठारी ठेवावा. सोने आप्तांच्या हाती द्यावे. संख्या राहते, व्रत मोडते. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा रोकड परक्या खात्यांत भरण्याची धावपळ आपण पाहिलीच. प्रतिक्रमणात हे अतिचार आम्ही मुखाने म्हणतो. पुत्राच्या नावे घेतलेला गाळा मात्र त्या वेळी आम्हांस स्मरत नाही.